कालकथित साहेबराव यांचे म्हणणे

लातूरच्या पंचाक्षरी सरांनी माझ्या फॉर्मवरच्या तीसच्या तीस प्रश्नांपुढं एकाच रकान्यात टिक केली होती. 'सांगता येत नाही'.

मी फॉर्म उलटा केला, सरळ केला, परत पहिल्या पानावर आले.

"सर, तीसही?"

"तीसही."

"म्हणजे 'असह्य वेदना असणाऱ्या रुग्णाला डॉक्टरनं इंजेक्शन देऊन सोडवावं' यालाही सांगता येत नाही, आणि 'असा डॉक्टर खुनी समजावा' यालाही सांगता येत नाही?"

"दोन्हीला."

"मग तुम्हाला सांगता काय येतं?"

हे बोलायला नको होतं. मी नांदेडला नुसती पीएच.डी. करतेय, ते लातुरात तीस वर्षं माणसांची डोकी तपासतायत. पण मी पहाटेच्या एसटीनं आलेली, कंबर मोडलेली, आणि हा माझा एकेचाळिसावा फॉर्म. इच्छामरणाबद्दल मानसशास्त्रज्ञांना काय वाटतं, हा माझा विषय. दोन जिल्हे, नांदेड आणि लातूर. गेले सात महिने मी त्यांच्या दारोदार फिरत होते, आणि एवढं कळलं होतं की दुसऱ्याच्या मनात बोट घालणाऱ्या या लोकांना स्वतःच्या मनाचं विचारलं की ते पंख्याकडं बघतात. नांदेडच्या एका मॅडमनी विचारलं, नाव छापणार का. एकानं सांगितलं, तुमच्या गाईडला काय उत्तर पाहिजे ते टाका, मी सही करतो. एकानं पंधरा मिनिटं भीष्माची गोष्ट सांगितली आणि शेवटी सगळीकडं 'असहमत' लिहिलं. का, तर भीष्म क्षत्रिय होता, आपण सरकारी नोकर.

माझा फॉर्म तीन गोष्टी वेगळ्या करून विचारत होता. डॉक्टरनं स्वतः औषध देऊन मारणं, ही एक. औषध हातात द्यायचं आणि रुग्णानं स्वतः घ्यायचं, ही दुसरी. या दोन्ही आपल्याकडं गुन्हा. तिसरी, नळ्या आणि मशीन न लावता माणसाला त्याच्या मरणानं मरू देणं. ती कोर्टानं मान्य केलीय, अटी घालून. माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो की मला पुढं हे करा, हे करू नका. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी. मी स्वतः या तिन्हींना 'सहमत' होते. घरी बसून सहमत व्हायला काय लागतं.

पंचाक्षरी सर रागावले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या क्लिनिकच्या खालच्या मजल्यावर नीटचा क्लास आहे, आणि जिन्यावरून पोरांच्या चपलांचा आवाज सारखा चालू होता.

"ही जिन्यावरची पोरं ऐकताय ना," सर म्हणाले. "यांतली रोज चार-पाच वर येतात. कोणाला झोप नाही, कोणाला घरी जायचंय. महिन्यातून एखादं असं येतं की मी त्याला एकट्याला खाली सोडत नाही, बापाला फोन करून बोलावतो. सकाळपासून मी एकच वाक्य बोलतो. थांब, आज नको. आणि तुम्ही मला विचारताय, मदत करून मरू द्यावं का. माझ्या तोंडाला सवयच नाही त्या बाजूची."

"ही पोरं आणि मरणाच्या दारातला म्हातारा एक नाहीत, सर."

"फरक डोक्याला कळतो. हात सहीला जात नाही."

'सहीला' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की माझ्या लक्षात आलं, ते माझ्या फॉर्मबद्दल बोलत नव्हते. मी विचारलं, कसली सही. चौकशी हा माझा रोग आहे. त्यावरच मी संशोधनाला लागले.

त्यांनी एक फाईल पुढं ओढली. शिरूर अनंतपाळचे साहेबराव, वय सदुसष्ट, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर. दीड वर्षापूर्वी हातातून कप पडायला लागला. मग पाय. आता बोलणं. मेंदूकडून स्नायूंकडं जाणाऱ्या नसा एकेक करून बंद पडतात असा आजार, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढची पाळी श्वासाची. साधा कफ झाला तरी गळ्याला भोक पाडून मशीनवर ठेवावं लागेल, आणि एकदा ठेवलं की तसंच, वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. साहेबरावांना ते नको होतं. त्यांनी तसं लिहून ठेवायचं ठरवलं. नोटरी म्हणाला, याचं डोकं ठिकाणावर आहे असं मानसशास्त्रज्ञाचं लिहून आणा, मग शिक्का मारतो. कायद्यात ही अट कुठंच नाही. पण नोटरीला कायदा सांगायला जाणार कोण.

"पंधरा दिवसांपूर्वी पोरानं गाडीत घालून आणलं होतं," सर म्हणाले. "चाळीस मिनिटं बोललो. ते काय बोलतात ते फक्त बायकोला कळतं, ती सांगते. डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर. आज पोरगा त्यांचं निवेदन घेऊन आलाय, बाहेर बसलाय. सोमवारी नोटरी. आणि बोलणं अजून महिनाभर टिकेल, म्हणजे जे काही विचारायचं ते आत्ताच. मी दाखला लिहायला घेतलाय बघा, अर्धा झालाय."

त्यांनी दाखला माझ्याकडं सरकवला. 'निवेदनातील मजकूर रुग्णाने काल स्वतः कथन केलेला असून पंधरा दिवसांपूर्वीच्या म्हणण्याशी तो जुळतो. यावरून निर्णयात सातत्य दिसते.'

"काल कथन केलेला, हे कशावरून?"

"त्यांनीच लिहिलंय की. तयार माणूस आहे, जुना कारकून." त्यांनी निवेदन दाखवलं. मजकूर पोराच्या अक्षरात होता, पण वरची ओळ वेगळ्या हाताची. थरथरलेली, तुटक, तरी वळण जुनं, सुरेख. 'कालकथित साहेबराव यांचे म्हणणे.'

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "काल कथित. मी पोराला विचारलं पण, हे कालचंच ना. तो म्हणाला, हाव सर, कालच."

मला हसू आलं. मी ते दाबायला पाहिजे होतं, पुढचं तर नक्कीच.

"सर, हे काल आणि कथित असं नाही. तो एकच शब्द आहे. कालकथित म्हणजे मयत."

"म्हणजे?"

"तुमच्याकडं माणूस गेला की नावापुढं काय लावतात?"

"लिंगैक्य."

"बाकीचे कै. लिहितात. कैलासवासी, म्हणजे कैलासाला राहायला गेलेला. आम्ही छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा तो पत्ताही बदलला. आम्ही कालकथित लिहितो. पत्रिकेवर, फोटोखाली, पुण्यानुमोदनाच्या म्हणजे श्रद्धांजलीच्या बॅनरवर. गावोगावच्या चौकात लागलेले असतात बॅनर."

सर त्या कागदाकडं बघत राहिले. पन्नास वर्षं या माणसानं लातुरात काढली. शाळेत, कॉलेजात, दवाखान्यात आमची माणसं त्यांच्या आजूबाजूला होती. जन्माच्या पेढ्याला बोलावणं आलं असेल, लग्नाला आलं असेल. मरणाची पत्रिका त्यांच्या हातात कधीच आली नव्हती. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे. तेवढंच म्हणाले.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे जिवंत माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलंय की तो मेलाय."

"तसंच काही नसेल, सर."

"असा एक आजार आहे. माणसाला पक्कं वाटतं की आपण मेलोय, आतडी सडलीत, आता खायची गरज नाही. पुस्तकात त्याला एका फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. तीस वर्षांत मी एकही पेशंट पाहिला नाही." त्यांचे डोळे चमकत होते, खोटं कशाला सांगू. माझेही चमकले असतील. "आणि तो आजार नसला तरी खोल नैराश्य असू शकतं. किंवा त्यांना कळलेलंच नसेल की हा कागद मेल्यावरचा नाही, जिवंतपणीचा आहे. तिन्हींतलं काहीही असलं तरी हा दाखला मी देऊ शकत नाही."

बाकावर पोरगा बसला होता, काचेतून दिसत होता. नाव अश्वजित, निलंगा डेपोला कंडक्टर. वडलांसाठी एक दिवसाची रजा टाकून आला होता. सरांचं चुकलं होतं तोवर त्याच्या बापाचं काम होत होतं. मी बरोबर केलं आणि ते बुडवलं. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं. आपल्याला येतं ते बोलल्याशिवाय राहवत नाही, मग त्याखाली कोण चिरडला ते नंतर बघायचं.

"विचारून या ना त्यांनाच," मी म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. पन्नास किलोमीटर तर आहे. पोरगा गाडी घेऊन आलाय."

सरांनी घड्याळ पाहिलं, अपॉइंटमेंटची वही पाहिली. आजचे तीन जण उद्यावर ढकलले. वाटलं होतं नको म्हणतील. पण त्यांनाही आता जाणून घ्यायचंच होतं. दाखल्याच्या कोऱ्या कागदांची वही आणि शिक्का त्यांनी पिशवीत टाकला, तेव्हा मी मनात धरलं की अजून दार उघडं आहे.

गाडीत अश्वजितला सगळं सांगितलं.

"मी म्हणलं होतं त्यांना, ते नाव तसं नका लिहू," तो म्हणाला. "पण आमचे अप्पा ऐकायले थोडेच. सर, तुम्ही काल कथित म्हणलात तवा मला वाटलं, तुम्हाला शब्द ठावं हाय आन तुम्ही तारीख इचारायलाव."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" सरांनी विचारलं. "कागदाबद्दल."

"मला काय वाटायचंय. मी कंडक्टर हाय. ज्याला जिथं उतरायचंय तिथं घंटी मारायची." मग थोड्या वेळानं, "खरं सांगू का, मला काईच वाटू नये म्हणून मी हे बोलतो."

सरांनी वही काढून ते लिहून घेतलं.

साहेबरावांचं घर तहसीलच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. ते पडवीत खुर्चीत बसले होते, मानेला पट्टा, हात मांडीवर ठेवून दिलेले. बाजूला स्टुलावर श्वासाचं मशीन आणि मास्क. त्यांची बायको सरजाबाई पायरीवर शेंगा फोडत होती. मी जय भीम केला, तिनं केला. सरांनी नमस्कार केला. साहेबरावांच्या तोंडातून एक लांबट आवाज आला, त्यात मला एकही अक्षर सापडलं नाही.

"म्हणायलेत, सरांना खुर्ची दे," सरजाबाई म्हणाली. "आन म्हणायलेत, मेलेला मी हाय का तुमी. तोंड तुमचंच उतरलंय."

म्हणजे वाटेत पेट्रोलला थांबलो तेव्हा अश्वजितनं फोन केला होता. सर हसले, पण खुर्चीवर बसून वही उघडली. त्यांनी आधी साधे प्रश्न विचारले. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा. साहेबरावांनी चार वजाबाक्या केल्या आणि मग काहीतरी म्हणाले.

"म्हणायलेत, जमाबंदी तपासायलाव का माझी."

"जेवण जातं का, काका?"

"म्हणायलेत, कमी जातंय. गिळायला होईना."

"आतडी वगैरे सडलीत, असं वाटतं का?"

सरजाबाईनं सरांकडं असं पाहिलं की ते वहीत खाली बघू लागले. साहेबरावांचा आवाज आला.

"म्हणायलेत, सकाळी साफ झालंय. डब्यात हाय अजून, बघायचं का."

मी आडोशाला तोंड करून हसले. फ्रेंच डॉक्टर तिथंच निकालात निघाला.

"मग काका," सरांनी आवाज हळू केला, "तुम्ही स्वतःच्या नावापुढं कालकथित का लिहिलं?"

उत्तर मोठं होतं. सरजाबाई मध्ये मध्ये थांबवत होती, 'काय?' म्हणत होती, कान तोंडाजवळ नेत होती. मग तिनं सांगितलं, एका दमात, बोलणं त्याचं आणि आवाज तिचा.

"म्हणायलेत, चाळीस वर्षं या वस्तीतल्या पत्रिका म्या लिहिल्या. कोणी गेलं की पोरं माझ्याकडं येत. म्या सांगायचो, कै. लिहायचं न्हाई, तिथं आपल्या वळखीचं कोणी न्हाई. माझा थोरला भाऊ गेला तवा म्या दवाखान्यात होतो, तर छापखानेवाल्यानं त्याच्या नावाला कै. लावून दिला. पाचशे पत्रिका. माझ्याच घरात. तवाच ठरवलं, माझं म्या लिहून ठिवणार."

"पण हा कागद पत्रिका नाही, काका."

"म्हणायलेत, ठावं हाय. अर्जावर काय लिहायचं असतंय? ज्या दिवशी कागद चालणार त्या दिवशीची स्थिती. हा कागद चालणार त्या दिवशी मी काय असणार हाय?"

"तुम्ही त्या दिवशी मेलेले नसणार," सर म्हणाले. पुढं झुकून, एकेक शब्द ठेवत. हाच त्यांचा खरा प्रश्न होता, हे मला कळत होतं. याचं उत्तर चुकलं तर दाखला गेला. "नीट समजून घ्या. हा कागद तुम्ही गेल्यावर उघडायचा नाही. तुम्ही जिवंत असताना उघडायचा. तुम्हाला बोलता येत नसेल. हात हलणार नाही. पण ऐकू येत असेल. सरजाबाई बोलतील ते कळत असेल. डोळे हलत असतील. म्हणजे तुम्ही असाल."

साहेबराव सरांकडं बघत होते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग ते थोडंसंच बोलले.

"म्हणायलेत, बोलता न्हाई, गिळता न्हाई, माशी हाकलता न्हाई, शिव्या देता न्हाई. श्वास पण मशीनचा. मग मी त्या दिवशी काय असन? तुमी शिकलेले हाव. शब्द सांगा. तोच लिहितो मी."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी सरांकडं. माझ्या तीस प्रश्नांत हा नव्हता. एमए झालं, नेट झालं, परदेशातले शंभर लेख वाचले, त्यांतल्या टक्केवाऱ्या मला पाठ आहेत. कुठल्या देशातले किती मानसशास्त्रज्ञ कशाला हो म्हणतात ते मी झोपेत सांगेन. आणि शिरूर अनंतपाळच्या पडवीत एका कारकुनानं एक शब्द मागितला, तर तो माझ्याकडं नव्हता. सरांकडंही नव्हता. ते म्हणाले, "असा शब्द नाही, काका."

"म्हणायलेत, म्हणून मी माझ्याजवळ होता तो घातला. आजारी म्हणलं की डॉक्टर म्हणतो, हाय अजून, घाला नळी. आदराचा शब्द बघितला की हात मागं घेतील, असं वाटलं."

सरांनी वहीत बराच वेळ लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, "काकू, तुम्ही जरा आत जाल का? मला काकांशी एकट्याशी बोलायचंय."

"आत जाते की," सरजाबाई म्हणाली, पण उठली नाही. "मग तुमाला कळणार काय?"

"नियम आहे तसा. घरच्यांसमोर माणूस मोकळं बोलत नाही. आणि," सरांना हे बोलताना जड गेलं, "ते काय बोलतात ते आम्हाला तुमच्याकडूनच कळतं. त्यात बदल होत नसेल, हे मी कशावरून धरायचं?"

अश्वजित म्हणाला, "सर, आई खोटं न्हाई बोलणार."

"थांब रे," ती म्हणाली. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मला काय वाटतंय ते इचारलं का तुमी? पंधरा दिवसांखाली पण न्हाई इचारलं. म्या तुमच्यासाठी नळ हाय, तोटी फिरवायची, पाणी घ्यायचं. मला हा कागद नको हाय. घ्या लिहून. मला हे पाहिजेत. मशीनवर असू देत, नळीवर असू देत, नुसते डोळे हालवू देत, मी बसते म्होरं. बदलायचं असतं तर म्या म्हणलं असतं की, हे म्हणायलेत कागद फाडा. तुमाला काय कळलं असतं? काईच कळलं नसतं. निघून गेला असता तुमी लातूरला."

सरांनी टिपण काढलं नाही. साहेबराव काहीतरी म्हणाले, तुटक.

"म्हणायलेत, बाई गप बस."

"काकू—" सर म्हणाले.

"न्हाई बसत गप." आता ती सरांशी बोलतच नव्हती. खुर्चीकडं वळली होती. "आता माझं बी ऐका. पोटाला नळी घाला म्हणते मी, हैदराबादचा डॉक्टर म्हणलाय, साधं काम हाय, भोक बारीक. जेवण तिकडून. घास अडकून ठसका लागतोय, मला झोप न्हाई." त्यांचा आवाज. "म्हणायलेत, नळी म्हणजे नळी. पोटातली काय आन गळ्यातली काय." परत स्वतःच्या आवाजात, "एक कशी? पोटातली लुगड्याखाली झाकती, तुमच्या धोतराखाली झाकंल. गळ्यातली न्हाई झाकत."

त्यांचा आवाज जरा वेगळा आला. मला वाटतं ते हसत होते, पण चेहरा हलत नव्हता त्यामुळं सांगता येणार नाही.

"म्हणायलेत, मी पायजमा घालतो."

मी आयुष्यात असं भांडण पाहिलं नव्हतं. एकच बाई दोन्हीकडून बोलत होती. त्याचं बोलणं सांगताना एक शब्द कमी करत नव्हती, आणि लगेच त्यावर तुटून पडत होती. विरुद्ध बाजूचा वकील आपणच व्हायचं आणि त्याला चांगलंही बोलू द्यायचं, हे कोण करतं? सर खुर्चीच्या कडेला आले होते. मी नुसती इकडून तिकडं बघत होते, म्हणजे एकाच माणसाकडं.

"पोटाची चालंल, म्हणायलेत," सरजाबाई शेवटी म्हणाली. "गळ्याला भोक न्हाई. कधीच न्हाई. ते पक्कं."

"गळ्याचं सोडलं मी," ती स्वतःच्या बाजूनं म्हणाली. "आता मास्कचं. आत्ता रातचा लावतो, सात तास. डॉक्टर म्हणला, वाढत जाईल. चोवीस तासाचा लागला तरी लावायचा."

"म्हणायलेत, चोवीस तास मास्क म्हणजे गळ्याचं भोकच हाय, फकस्त वर."

"मग बावीस."

"बारा म्हणायलेत."

"बारा तर दोन महिन्यांत होतेत. वीस."

सरांनी मध्येच विचारलं, "काका, बारा का?" ते खरंच विचारत होते, परीक्षा म्हणून नाही.

"म्हणायलेत, अर्धा दिवस तोंड मोकळं पाहिजे. हिच्याशी बोलायला."

सरजाबाईनं पदरानं सूप पुसलं, ते पुसायची काही गरज नव्हती.

"बोलणं तर त्याआधीच जाणार हाय तुमचं," ती म्हणाली. "मला कळतंय तुमच्या डोळ्यांचं. वीस न्हाई तर अठरा. त्याच्या खाली मी येत न्हाई."

साहेबरावांनी एकच शब्द उच्चारला. तो मलाही कळला.

"अठरा," मी म्हणाले.

"हाव. अठरा," सरजाबाई म्हणाली. "त्याच्या वर लागला की मास्क काढायचा, दम लागू नये म्हणून औषध द्यायचं, घरी ठिवायचं. लिही रे."

अश्वजित नव्यानं कागद लिहायला बसला. पोटाची नळी, हो. गळ्याचं भोक, नाही. मास्क दिवसाला अठरा तासांपर्यंत. सर सांगत होते कुठं काय वैद्यकीय शब्द पाहिजे ते. वरच्या ओळीपाशी अश्वजित थांबला. सर म्हणाले, "काका, खरं सांगतो, मला आता त्या शब्दाची अडचण नाही. पण नोटरी हा कागद परत करेल. मयताची सही चालत नाही."

साहेबराव बोलले.

"म्हणायलेत, हे आधी सांगायला पाहिजे होतं. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर म्याच भिरकावला असता. साधं नाव लिहा."

मी सरांना बाजूला घेतलं. घेतलं म्हणजे पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, चार पावलं. विचारलं, देणार का.

"नैराश्यातला माणूस घासाघीस करत नाही," सर म्हणाले. "सगळं घ्या म्हणतो, नाहीतर काहीच नको म्हणतो. हे गृहस्थ सहा तासांसाठी भांडले."

"म्हणजे तुम्हाला पटलं, की त्यांना मरू द्यावं?"

"ते मी कुठं म्हणतोय. मला एवढंच पटलं की हे ठरवणारा माणूस जागेवर आहे. काय ठरवलं ते मला आवडलेलं नाही. मी असतो तर बाईचे बावीस लिहिले असते." त्यांनी पिशवीतून वही काढली. "तुमचं काय?"

माझं काय. सकाळी मला सगळं माहीत होतं. माझ्या फॉर्मवर माझ्यासाठी रकाना असता तर मी डोळे मिटून टिक केली असती. आता मला त्या बाईचा राग येत होता, की ती बारावर का नाही आली, आणि त्या माणसाचा, की तो चोवीसला का नाही गेला. दोन्ही राग एकाच वेळी. मी म्हणाले, मला लिहून घेऊ द्या आधी.

सरांनी दाखला तिथंच लिहिला, मांडीवर वही ठेवून. जुना अर्धा दाखला फाडला. 'मी आज रुग्णाच्या घरी जाऊन त्यांना भेटलो. आपला निर्णय समजण्याची, तो मांडण्याची आणि कारण पटल्यास बदलण्याची त्यांची क्षमता शाबूत आहे. त्यांचे बोलणे पत्नी सरजाबाई यांनी सांगितले. त्या या निर्णयाच्या विरोधात आहेत. म्हणून त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे.' शेवटचं वाक्य लिहून ते थांबले, खोडावं का म्हणून मला दाखवलं. मी म्हणाले, राहू द्या, दाखल्यात असं कोणी लिहीत नाही म्हणून राहू द्या. त्यांनी सही केली. हात थोडा अडखळला, पण गेला. खाली शिक्का मारला.

अश्वजितनं कागद वडलांच्या मांडीवर धरला. दोन बोटांत पेन अडकवून, मनगट पोरानं उचलून धरलं आणि साहेबरावांनी सही केली. वेळ लागला. पाच अक्षरांत दोनदा पेन निसटलं. सरजाबाई बघत उभी होती, मदतीला गेली नाही.

सही झाल्यावर साहेबराव बोलायला लागले. हे आधीच्यापेक्षा लांब होतं, थांबत, दम घेत, मध्येच लाळ ओघळली ती तिनं पुसली आणि परत कान जवळ नेला. सर वही उघडी धरून तयार बसले. मीही पेन काढलं. अश्वजित कागदाची घडी घालायचा थांबला. कितीतरी वेळ तो आवाज चालू होता, वर खाली होणारा. आता आता मला त्यातला एखादा शब्द लागतोय असं वाटायचं आणि सुटायचा.

ते थांबले. सरजाबाईनं मान हलवली आणि त्यांना म्हणाली, "बरं."

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"ते कागदाचं न्हाई," ती म्हणाली, आणि मानेचा पट्टा सैल करून त्यांची कॉलर नीट करू लागली.